दसैंच्या सुट्टीतला स्लॅब

आमचे घरमालक रेती खायचे.

पोटभर नव्हे. कुठंही बांधकाम दिसलं की थांबायचे, ढिगातली चिमूटभर रेती जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि थुंकायचे. मग निकाल. "खारी हाय" किंवा "चालंल". खाडीची रेती वापरली की आतलं लोखंड सडतं, हे त्यांचं म्हणणं. लहानपणी बापाबरोबर मिठागरात राबलेला माणूस, त्यामुळे स्वतःच्या जिभेवर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा कुठल्याही लॅबच्या रिपोर्टवर नव्हता. कोपरखैरण्यातल्या मोठ्या टॉवरच्या साइटवरही ते असेच घुसायचे. हटकायला कोणी आलं तर त्याच्यापुढं चिमूट धरायचे, "तू खाऊन बघ. मंग मना बोल."

कोपरखैरण्याला लागूनच्या बोनकोडे गावात त्यांची चार मजल्यांची बिल्डिंग होती आणि दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. माझे वडील, आबा, एपीएमसीच्या धान्य मार्केटात माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि पुढं जे झालं त्यात त्या अभिमानाचाही वाटा आहे. बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा मालकांनी पेढा तोंडात टाकला, मार्कशीट मागून-पुढून बघितली आणि त्या दिवसापासून माझं नाव टाकून दिलं. "काय बीकॉम, जेवलीस का?" "बीकॉम, टाकी भरली का बघ." स्वतः चौथी पास. त्यांची ती हाक चेष्टेची होती का मानाची, ते मला कधी कळलं नाही. त्यांच्या बाबतीत बऱ्याच गोष्टी कळल्या नाहीत. म्हणून तर लिहायला बसलेय.

स्लॅबवर मात्र त्यांचं प्रेम होतं, त्यात शंका नाही. गावात कुणाचाही स्लॅब पडला की दुसऱ्या दिवसापासून हे पाइप घेऊन हजर. "बालंतीन हाय ती. पान्यात ठेवा." ज्याचं घर तो म्हणायचा, मालक, मी मारतो की पाणी. "तू मारशील, पन तुजा जीव नाय त्यात," असं म्हणून स्वतःच तास-दीड तास उभे.

गावठाणातली घरं कागदावर उभी राहिलेली नाहीत, हे इथं राहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. शेतं आणि मिठागरं सरकारनं नव्या शहरासाठी घेतली, घरात माणसं वाढली, तसे मजले चढले. परवानगी मागायला गेलं की नुसत्या चकरा. म्हणून आधी घर, मग कागद. मालकांची तर रीतच ठरलेली होती. कॅलेंडरात लागून आलेल्या सुट्ट्या बघायच्या. कॉलम गुपचूप आधीच उभे करून ठेवायचे. शुक्रवारी हपिसं बंद झाली की सेंटरिंगच्या फळ्या, शनिवारी लोखंड, रविवारी पहाटे स्लॅब. सोमवारी साहेब आलाच तर त्याला चहा पाजायचा आणि ओला स्लॅब दाखवायचा. "उबं घर कोन आडवं करतो?" असं ते छातीवर हात ठेवून विचारायचे.

एकदा केलं होतं कुणीतरी. पाचवा मजला अर्धा झाला होता तेव्हा तोडायची गाडी आली आणि मालकांच्या डोळ्यांदेखत स्लॅब पाडून गेली. त्या दिवसाबद्दल ते बोलत नसत. गच्चीवर फुटक्या कॉलमांच्या सळ्या तशाच वर आलेल्या होत्या, विटांचा ढीग तसाच होता, आणि त्याच ढिगावर बनियन-लुंगीत बसून ते सकाळचा चहा घ्यायचे.

आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखालच्या खोलीत प्रेम राहायचा. नेपाळचा, समोरच्या सोसायटीत वॉचमन. सोसायटीतले सगळे त्याला बहादूर म्हणायचे. आमचे आबाही म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर मीही. मालकांनी मात्र पहिल्याच दिवशी त्याचं नाव, गाव आणि आईचं नाव विचारून घेतलं होतं. ते त्याला पिरेम म्हणत.

नेपाळात भूकंप झाला तेव्हा तीन दिवस प्रेमच्या घरी फोन लागत नव्हता. तीन दिवस मालक त्याच्या खोलीबाहेर पायरीवर बसून होते. चौथ्या दिवशी भावाचा फोन आला. घर बसलं होतं, दोन म्हशी आत गेल्या होत्या, आई शेतावर होती म्हणून वाचली. प्रेम ढसाढसा रडायला लागला. आम्ही सगळे जमलो. मालकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "दीवार किसका था?"

"पत्थर और मिट्टी, मालिक."

"सिमेंट?"

प्रेमनं मान हलवली.

"सिमेंट नाय आनि घर म्हनतो," मालक म्हणाले. अशा वेळेला हे काय बोलणं! माझ्या आईनं तर तोंडावर पदर घेतला. पण पुढच्याच दमात म्हणाले, "रडू नको. घर आपन बांधायचं. मी बांधतंय."

दुसऱ्या दिवसापासून ते गावभर फिरायला लागले. बायका साड्या द्यायच्या, हे उजेडात धरून बघायचे आणि फाटकी असली की परत. "भुकंप जालाय त्यांचा. इज्जत नाय गेली." मार्केटातल्या एका धान्यवाल्यानं ताडपत्र्या दिल्या. आबांच्या टोळीनं एका दिवसाची हमाली दिली. एका कोळीणबाईनं सुक्या बोंबलांची गोणी दिली, आणि सगळे हसत असताना मालकांनी तीही नेपाळला निघालेल्या मदतीच्या ट्रकमध्ये चढवली. ती खरोखर पोचली. प्रेमचा भाऊ फोनवर म्हणाला, "लकडी जैसा मछली है, पर अच्छा है." मालकांना इतका आनंद झाला की त्यांनी ते वाक्य दिवसभर सांगितलं.

प्रेम महिनाभर घरी जाऊन आला. आईला पत्र्याच्या शेडमध्ये बसवून परत ड्यूटीवर लागला, कारण पगार बंद करून चालणार नव्हतं. येताना त्यानं मोबाइलमध्ये एका कागदाचा फोटो आणला होता. तिथल्या सरकारचा. लिपी आपलीच, शब्दही बरेचसे ओळखीचे, आणि जिथं अडलं तिथं प्रेमनं सांगितलं. मी दोनदा वाचलं. घर पडलेल्यांच्या यादीत प्रेमच्या आईचं नाव होतं. घरासाठी सरकारी मदत मिळणार होती, पण टप्प्याटप्प्यानं. पाया खणला की इंजिनिअर येऊन बघणार, मग पुढचा हप्ता. भिंती झाल्या की परत बघणार, मग शेवटचा. आणि घर त्यांच्या नकाशांपैकी एखाद्या नकाशाप्रमाणे असलं पाहिजे.

मी मालकांना सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे इंजिनिअर येईपरतूर बसून रायचं?"

"हो, मालक. तसंच लिहिलंय."

"आनि त्यो कवा येनार?"

ते लिहिलं नव्हतं. प्रेम म्हणाला, वरच्या गावांना वेळ लागतो, रस्ता नाही.

मालक हसायला लागले. "बीकॉम, इंजिनिअर यायच्या आदी घर उबं रायलं, तर त्यो काय पाया उकरनार हाय? उब्या घराला पैसे द्यायलाच लागतात. सगलीकडं सरकार यकच."

"मालक, तिकडची पद्धत वेगळी आहे. नाव कटेल."

तेव्हा त्यांनी हसू थांबवलं. आवाज न चढवता म्हणाले, "तुज्या बापाची खोली कुठल्या कागदावर उबी हाय, सांग बरं मना."

मी ज्या खोलीत अभ्यास करून ग्रॅज्युएट झाले ती खोली अशाच कुठल्या तरी रविवारी उभी राहिलेली होती. आबा मागून म्हणाले, "मालकांना उलटं बोलू नगंस." प्रेमनं माझ्याकडे बघितलं, मग मालकांकडे बघितलं. एका बाजूला एक डिग्री होती आणि दुसऱ्या बाजूला चार मजले. त्यानं फोन खिशात ठेवला.

मी अजून जोर लावायला हवा होता का? आजही मला ठरवता येत नाही.

मग गावानं दिलेल्या पैशांवर सुरू झालं गच्चीवरून नेपाळचं बांधकाम. मी तुर्भ्याच्या ऑफिसला निघायच्या आधी फोन लावून धरायचा आणि मालकांनी ओरडायचं, ही रोजची सकाळ. तिकडून प्रेमचा भाऊ फोन फिरवून दाखवायचा. मागं डोंगर, पुढं खड्डे, खड्ड्यांत कॉलमच्या सळ्या आणि त्यांना आवळलेल्या लोखंडी रिंगा.

"रिंगा दिखाव! रिंगा! इतना दूर कायको डाला? हात का वीत रखो बीच में!"

"मालिक, सरिया ऊपर लाना मुश्किल है, खच्चर पे आता है."

"खच्चर को बोलो, बोनकोडे का मालिक बोल रहा है. और रेती खाके देखो!"

"क्या?"

"रेती! मुँह में डालो!"

भावानं खरंच टाकली. जरा वेळ चावून म्हणाला, "फीका है, मालिक."

"वा!" मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "हिमालयाची रेती. यकदम गोड."

कधी कधी फोनमध्ये प्रेमची आई दिसायची. लहानखुरी, डोक्याला फडकं बांधलेली, शेडच्या दाराशी बसलेली. ती कधी बोलायची नाही, एकटक बघत राहायची. एकदा तिनं भावाला हळूच काहीतरी विचारलं. प्रेम शेजारीच उभा होता, तो हसू दाबायला लागला. मालक म्हणाले, "काय बोलली?"

"मालिक, माँ पूछ रही है, आपका घर भी गिरा क्या?"

तिला रोज फोनमध्ये फुटके कॉलम, वाकड्या सळ्या आणि विटांच्या ढिगावर बसलेला बनियनमधला म्हातारा दिसत होता. दुसरं काय वाटणार? मी हसले. मालक हसले नाहीत. म्हणाले, "हाँ बोल उसको." आणि त्या दिवशी पुढं एकही सूचना न देता खाली निघून गेले.

स्लॅबचा दिवस त्यांनीच काढला. "तिकडं सुट्टी कवा?" प्रेम म्हणाला, आठवड्याची सुट्टी शनिवारी. एका दिवसावर मालक खूश नव्हते. मग प्रेमनं दसैंचं सांगितलं. आपला नवरात्र-दसरा, तोच त्यांचा मोठा सण. हपिसं बरेच दिवस बंद, साहेब लोक आपापल्या गावी. मालकांचे डोळे चमकले. नवरात्रात ते अनवाणी असायचे. तसेच अनवाणी गच्चीवर उभे राहून त्यांनी सकाळपासून दुपारपर्यंत नेपाळातला स्लॅब घालून घेतला. मी त्या दिवशी रजा टाकली होती. शेवटची घमेली ओतली तेव्हा तिकडं गावकरी टाळ्या वाजवत होते, इकडं प्रेम रडत होता आणि मालक फोनला हात जोडत होते. मला तेव्हा अगदी मनापासून वाटलं की चुकले ती मी, आणि माझा कागदही चुकला. असा आनंद मी माझ्या निकालाच्या दिवशीही बघितला नव्हता.

सुट्टी संपली आणि इंजिनिअर आला.

तरणा पोरगा होता म्हणे. त्यानं चहा घेतला, पण ओला स्लॅब बघून तो गप्प बसला नाही. म्हणाला, पाया आम्ही बघितलेला नाही, कॉलम बारीक आहेत, वर एवढं वजन आहे, परत धक्का बसला तर सगळे आत जातील, मी सही करू शकत नाही. यादीत आईच्या नावापुढं त्यानं रेघ मारली. भावानं फोन त्याच्यासमोर धरला, तर मालक त्याला हिंदीत म्हणाले, "साहेब, घर तो हो गया ना. अभी रेग्युलर कर डालो."

इंजिनिअर म्हणाला, "बाबा, यहाँ घर के बाद कागज नहीं होता."

मालकांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. आई त्या घरात जायला तयार नव्हती. स्लॅबखाली पाऊल टाकायची आणि वर बघून परत फिरायची. थंडी पडली, पाणी गोठायला लागलं, तरी ती पत्र्याच्या शेडमध्येच. मालक रोज सकाळी प्रेमला विचारायचे, "म्हातारी आत झोपली का?" प्रेम खोटं बोलायचा नाही. "नहीं, मालिक."

"तिना सांग, मी चार मजल्यांच्या खाली झोपतंय."

"बोल दिया, मालिक."

"मंग?"

"बोलती है, उधर जमीन हिलता नहीं होगा."

थंडी ओसरता ओसरता इंजिनिअर पुन्हा एकदा येऊन गेला. त्यानं एक वाट सांगितली. स्लॅब उतरवा, कोपरे खणून पाया दाखवा, भिंतींना मी सांगतो तसे सळ्या-सिमेंटचे आडवे पट्टे घाला, वर हलका पत्रा टाका. मग नाव परत यादीत घेतो आणि राहिलेले हप्ते मिळतील. पण पुढच्या पावसाच्या आत. नंतर कापलेलं नाव परत घेता येत नाही.

त्या दिवशी प्रेम ड्यूटी संपवून तसाच युनिफॉर्मवर गच्चीत आला. मी तिथंच होते.

"मालिक, एक बात पूछूँ?"

"पूछ."

"स्लॅब तोडूँ?"

मालक चहा ढवळत राहिले. "घर तुजा हाय. मना कशाला विचारतंस?"

"बनाया तो आपने है."

कप खाली ठेवून मालक उठले. फुटक्या कॉलमाला हात लावून पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं आता शिव्या घालतील. पण ते खाली गेले, आणि दोन दिवस गच्चीवर आले नाहीत. प्रेमनं भावाला थांबवून ठेवलं. मी आबांना म्हटलं, घर प्रेमचं, आई प्रेमची, मग तो मालकांच्या परवानगीची वाट कशाला बघतोय? आबा म्हणाले, "पोरी, घाम ज्याचा असतो त्याला इचारावं लागतं." मला ते पटलं नाही. खोटंही म्हणता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारावर थाप पडली. "बीकॉम, फोन लाव."

फोन लावला. तिकडं भाऊ आणि दोन माणसं घण घेऊन स्लॅबच्या खालीच उभी होती, खालून ठोकायच्या बेतात. मालकांचा फोन बघून त्यांना वाटलं, परवानगी आली.

"अरे भायेर निकल!" मालक इतक्या जोरात ओरडले की समोरच्या सोसायटीतली माणसं खिडकीत आली. "मरेगा! पहले टेकू लगाव नीचे. बांबू, लकडा, जो है वो. उपर से तोडने का, थोडा थोडा. नीचे कोई खडा नहीं रहेगा. म्हातारी को दूर बिठाव!"

तीन दिवस ते स्लॅब तोडून घेत होते. जसा घालून घेतला तसाच, फोनला डोळा लावून. आता कुठं घाव घाल, कधी थांब, कुठला तुकडा आधी सोडव. एवढं नीट तोडायला ते कुठं शिकले, हे विचारायची गरज नव्हती. प्रत्येक घणाला त्यांच्या डोळ्याची पापणी लवायची. आवाज मात्र हलला नाही. शेवटचा तुकडा खाली आला आणि फोनमध्ये एकदम आभाळ दिसलं. प्रेमची आई दूरच्या दगडावरून उठली, भिंतींच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि वर बघत राहिली. बराच वेळ.

भिंतींना पट्टे झाले, पत्रा चढला, इंजिनिअरनं सही केली. नाव यादीत परत आलं. पावसाच्या आधी एका सकाळी मालकांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि प्रेम म्हणाला, "सो गई, मालिक. अंदर."

मालक म्हणाले, "बरं." आणि पाइप उचलून कुणाच्या तरी स्लॅबकडे निघून गेले.

मी पुष्कळ विचार केलाय. मालकांचं ऐकलं नसतं तर त्या बाईच्या थंडीचे ते महिने वाचले असते का? का इंजिनिअरची वाट बघत ती आजही शेडमध्येच असती? त्याच गावातली काही कुटुंबं नियमानं थांबली होती, आणि ती अजून थांबलेलीच आहेत, असं प्रेम सांगतो. मग कागद बरोबर होता का मालक? मला माहीत नाही. मी दोन्ही बाजूंनी मांडून बघते, उत्तर दर वेळी बदलतं.

गावात मात्र लोकांना उत्तर हवं होतं. ज्यांनी ज्यांनी मदत दिली होती ते विचारायला लागले, आपल्या मदतीचं काय झालं? देवळासमोर सूचनांचा फळा आहे. तिथं दोन ओळी लिहाव्यात असं ठरलं आणि अक्षर चांगलं म्हणून काम माझ्याकडे आलं. देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "लिही, बोनकोडे ग्रामस्थांनी नेपाळातल्या भूकंपग्रस्त कुटुंबाला घर बांधून दिले. बस. छान वाटतं."

मी खडू घेतला. मालक मागं उभे होते.

"थांब," ते म्हणाले. "तू शिकलेली हायस. खरं सांग. मी मदत केली का नुसकान?"

"मालक, दोन्ही झालं."

"मंग दोनी लिव."

अध्यक्ष म्हणाले, "मालक, असं कुठं लिहितात का? गावाची लाज जाईल."

"घामाचे पैशे दिलेत लोकांनी. त्यांना कललं पायजे." मग माझ्याकडे बघून, एकेक शब्द सुटा करत त्यांनी सांगितलं, आणि मी जसंच्या तसं लिहिलं:

'बोनकोडे गावानं नेपाळात एक घर बांधलं. मग त्याचा स्लॅब तोडला. आता त्यात माणूस राहतं.'

आठवडाभर लोक येऊन फळ्यासमोर थांबत होते. वाचायचे, परत वाचायचे, एकमेकांकडे बघायचे. कुणीतरी मला विचारलंच, "म्हणजे नक्की काय झालं गं?"

मी म्हटलं, तेच झालं.